आमच्या एवढ्याशा चर्चातून हरेगावला पायी

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, मारियेच्या यात्रेला आमच्या भागातले बरेच जण एसटीनं नाहीतर टेम्पोनं जातात, पण आमच्या वाडीची दिंडी अजून पायीच निघते, आणि निघते ती आमच्या चर्चातून. चर्च म्हणजे एक खोली. माती-विटांच्या भिंती, वर पत्रे, दाटीवाटीनं बसलं तर चाळीसेक माणसं मावतात, आणि घंटा म्हणून बाहेर लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. इतकी वर्षं एकाच जागी ठोकून ठोकून तिथं लोखंडाला खळगा पडलाय, बोट फिरवलं की लागतो हाताला.

पहाटे मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवलेली मोठी उपासना, झाली की निघालो. पुढं मतमाउलीची तसबीर, मागं टाळ-ढोलकी, मग बायका जपमाळ म्हणत. रात्री पाऊस झालेला, कपाशीच्या कडेनं चालताना काळी माती चपलेला अशी चिकटायची की दर दहा पावलांवर काडीनं खरवडायची, शेवटी बहुतेकांनी चपला पिशवीतच टाकल्या.

माझ्यासोबत नाना होते. त्यांचे आजोबा मिशनचे मास्तर. मी विचारलं, "नाना, आपल्या वाडीत हे फादर लोक आले कुठून वो?" तर म्हणले, "लांबून आले बाबा, नागपूरकडून." आणि ते खरंच आहे. आजच्या फ्रान्समधल्या आन्सी गावचे, संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या संघाचे फादर 1845 ला भारताकडं निघाले, आधी विशाखापट्टणमकडं काम केलं, मग काम नागपूरपर्यंत पसरलं, 1887 ला नागपूर धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा मुलूख, झाला आणि तिथून ते निजामाच्या मुलखात आमच्यापर्यंत पोचले. घोगरगावला मिशनचं ठाणं पडलं, फ्रेंच फादर गुरियन जाकियर तिथंच राबले. फादर घोड्यावरून अधूनमधून यायचे, बाकी दिवस सगळा भार मास्तरावर. दिवसा ह्याच खोलीत पोरांची शाळा, संध्याकाळी प्रार्थना. माझ्या मते आमचं चर्च त्या मास्तर लोकांनी उभं केलं, पण त्यांचं नाव कुठं लावलेलं दिसत नाही, याचं मला लई वाईट वाटतं.

नाना लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये असायची, म्हाताऱ्या बायांना त्यातली उत्तरं तोंडपाठ. व्हॅटिकनची मोठी परिषद 1962 ते 65 झाली, तवापासून मिस्सा मराठीत, आणि आता तर टाळ वाजला की सगळी दिंडीच गाते.

दुपारी गोदावरीच्या पुलावर आलो. भाकर-ठेचा खाल्ला तो तिथंच कडेला बसून. ह्या नदीपाशी मराठवाडा संपतो अन् नगर जिल्हा लागतो, आणि पूर्वी तर निजामाचं राज्य संपून इंग्रजाचं इथंच सुरू व्हायचं. चर्चचंही तसंच, अलीकडं नागपूरवाले फ्रेंच फादर, पलीकडं पुणे धर्मप्रांतातले येशूसंघीय, म्हणजे जेज्विट फादर. आजही अलीकडं औरंगाबाद धर्मप्रांत, तो 1977 ला झाला, आणि पलीकडं 1987 पासून नाशिक. पण सोयरीक सगळी नदीपल्याड! नानांची आई पलीकडची, माझ्या दोन आत्या पलीकडं दिलेल्या. सप्टेंबर 1948 ला निजामाची राजवट गेली आणि पुढच्याच वर्षी, 1949 ला, फादर बाडरांनी हरेगावला यात्रा सुरू केली, तवापासून आमची माणसं चालतायत. एकेकाळी साखर कारखाना चालायचा त्या गावात आज सगळ्या जातीधर्माचे लोक नवस फेडायला येतात, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, तरी मेणबत्ती लावल्याशिवाय कुणी हलत नाही.

यंदा वाटेत एका गोष्टीवर वाद झाला. पोरं म्हणतात जुनं पाडा, स्लॅबचं मोठं चर्च बांधू. मी सरळ विरोध केला, नानांनीही केला. त्या भिंतींत आमच्या चार पिढ्यांचे बाप्तिस्मे आणि लग्नं झालीत, मोठं पाहिजे तर शेजारच्या मोकळ्या जागेत बांधा की! हरेगावात पोचेपर्यंत बहुतेकांना पटलं. आता पावसाळा संपला की गळके पत्रे बदलायचे, भिंती आतून लिंपून घ्यायच्या, आणि दाराजवळ जुन्या मास्तरांच्या नावाची पाटी लावायची. नावं गोळा करायचं काम माझ्याकडं आलंय, ज्यांच्या घरात जुने कागद, फोटो असतील त्यांनी मला जरूर सांगा.