नफा कागदावर, पैसा पंचाहत्तराव्या दिवशी

उदयोन्मुख बाजारपेठांमध्ये उद्योजकांना किती वाव आहे, हे सांगणाऱ्या व्याख्यानांची ठाणे-नवी मुंबईत वानवा नाही. तरुण लोकसंख्या, वाढता मध्यमवर्ग आणि घरोघरी पोचलेला मोबाइल ही त्रयी त्यांत हमखास असते आणि तीत खोटे काही नाही. मात्र माझी नोकरीची बहुतेक वर्षे बँकेच्या कर्ज विभागात गेली आणि निवृत्तीनंतर मी लहान उद्योगांचे व बचत गटांचे प्रकल्प अहवाल तपासून देत असतो, त्यामुळे माझे लक्ष दुसरीकडेच जाते. आपल्यासारख्या बाजारपेठेत गिऱ्हाइकाकडे पैसा किती आहे, यापेक्षा तो त्याच्या हाती कधी येतो, हा प्रश्न अधिक निर्णायक असतो. प्रेरणा म्हणून ज्या उपक्रमांची नावे आपण घेतो, त्यांपैकी बऱ्याच जणांनी नवी वस्तू शोधण्यापेक्षा या ‘कधी’चा माग काढला होता, असे माझे मत आहे.

बंगळूरच्या सेल्को या कंपनीचे उदाहरण पाहू. हरीश हांडे यांनी १९९५ साली सौर दिव्यांसाठी ती सुरू केली आणि २०११ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरच्या विक्रेत्याला महिन्याचे ३०० रुपये जड जातात, पण रोजचे १० रुपये जड जात नाहीत, हे आपल्याला विक्रेत्यांनीच शिकवले, असे ते सांगत आले आहेत. हिशेबाच्या वहीत या दोन रकमा सारख्याच आहेत. हातगाडीवर त्या सारख्या नसतात, कारण रोज आलेल्या पैशाला घरात रोज वाटा फुटतात आणि महिनाभर रक्कम साठवून ठेवणे हेच मुळात अवघड काम असते. त्यातून तोडगा निघाला तो असा, की दिवे विकण्याऐवजी एखाद्या स्थानिक माणसाने दिवसा बॅटऱ्या चार्ज कराव्यात, संध्याकाळी गाडीगाडीवर दिवे पोचवावेत आणि भाडे रोजच्या रोज घ्यावे. केनियात एम-कोपा या कंपनीने मोबाइलवरून भरायच्या रोजच्या लहान हप्त्यांवर घरगुती सौर संच दिले. हे जमले, कारण मार्च २००७ मध्ये तिथे सुरू झालेल्या एम-पेसाने मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय आधीच करून ठेवली होती. त्या एम-पेसाची चाचणी मुळात सूक्ष्मकर्जाचे हप्ते फेडण्यासाठी होती. लोक मात्र तिच्यातून एकमेकांना पैसे पाठवू लागले आणि चालकांचे शहाणपण असे, की त्यांनी आपला आराखडा बाजूला ठेवून लोकांचे ऐकले.

हे शिकायला आपल्याला नैरोबीला जाण्याची गरज नव्हती. सिंडिकेट बँकेने १९२८ साली पिग्मी ठेव योजना सुरू केली, तेव्हा बँकेचा माणूस दारी येऊन दिवसाचे दोन आणेसुद्धा घेऊन जात असे. महाराष्ट्रातल्या पतसंस्था याच रिवाजावर उभ्या राहिल्या आणि बाजारपेठेत संध्याकाळी फिरणारा पिग्मी एजंट आजही दिसतो. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आल्यानंतर त्यात एक महत्त्वाचा फरक पडला. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या विक्रेत्याकडे रोज कधी आणि किती पैसा येतो, याची नोंद आता आपोआप होते. आमच्या काळी भाजीवाल्याकडे उत्पन्नाचा पुरावा मागणे ही अर्ज नाकारण्याची सभ्य रीत होती. ती सबब आता उरलेली नाही.

भाजीबाजारांतली रोजची उचल पुष्कळांना ठाऊक आहे. सकाळी ९०० रुपये हाती घ्यायचे आणि दिवस मावळताना १००० परत करायचे. हा दर वार्षिक व्याजात मोजू गेल्यास आकडा हास्यास्पद होतो, तरीही विक्रेते तो देतात, कारण पैसा पहाटे, माल उचलायच्या वेळीच मिळतो आणि कागद लागत नाही. म्हणजे इथे गिऱ्हाईक आहे, परतफेडीची ताकद आहे आणि पर्याय मात्र जवळपास नाही. संधी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ साली उभी राहिलेली माणदेशी महिला सहकारी बँक हेच जाणून होती. संस्थापक महिलांना लिहिता-वाचता येत नाही, या कारणाने रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, तेव्हा त्या साक्षरतेचे धडे गिरवून परत गेल्या आणि व्याजाचा तोंडी हिशेब आम्हाला विचारा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावले. या बँकेने वसुलीसाठी आणि ठेवीसाठी माणसे बाजारात व दारात पाठवली, कारण बँकेत यायचे म्हणजे बाईचा दिवसाचा धंदा बुडतो. जून २०२० मधल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेने फेरीवाल्यांना १०,००० रुपयांपासून कर्ज दिले, हे स्तुत्यच झाले. परंतु हप्ता महिन्याचा ठेवला, तिथे दिवसाच्या कमाईशी असलेली गाठ सुटली, असे मला वाटते.

लिज्जतची गोष्ट सर्वांना माहीत आहे, पण ती बहुधा स्त्रीशक्तीची कथा म्हणूनच सांगितली जाते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली, खाटेवर पापड पसरले, खाली शेगडी ठेवली आणि पाऊस असूनही काम चालू राहिले. एका कर्ज अधिकाऱ्याच्या नजरेने पाहिल्यास हा प्रसंग फार मोलाचा आहे. चार महिने बंद राहणारा धंदा आणि बारा महिने चालणारा धंदा यांत केवळ एका शेगडीच्या किमतीचे अंतर होते. शिवाय दान घ्यायचे नाही आणि हिशेब चोख ठेवायचा, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवले. पीठ घरी न्यायचे, पापड लाटून आणून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची, या पद्धतीत बाईला आपल्या कष्टाच्या पैशासाठी ताटकळावे लागत नाही.

आता आपल्या परिसरातल्या बचत गटांकडे येतो, कारण प्रेरणेच्या गोष्टी ऐकून आलेली मंडळी नेमकी इथे अडकतात. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एखाद्या गटाला ऐरोली किंवा महापे इथल्या मोठ्या कार्यालयाकडून रोजच्या डब्यांचे काम मिळते. सगळीकडे अभिनंदन होते, आणि ते रास्तही असते. समजा, रोजचे १०० डबे, डब्याचे ८० रुपये आणि महिन्याचे कामाचे २६ दिवस. महिन्याचे देयक २,०८,००० रुपयांचे झाले. शिधा, गॅस, मजुरी, रिक्षा-टेम्पो धरून डब्यामागे ६० रुपये खर्च मानला, तर महिन्याला १,५६,००० रुपये खर्च आणि ५२,००० रुपये नफा. प्रकल्प अहवालात हे आकडे देखणे दिसतात. परंतु देयक महिनाअखेरीस द्यायचे आणि त्यानंतर ४५ दिवसांनी पैसे मिळायचे, असे ठरले असेल, तर पहिला रुपया साधारण पंचाहत्तराव्या दिवशी येतो. तोपर्यंत अडीच महिन्यांचे काम झालेले असते आणि खर्चापोटी ३,९०,००० रुपये बाहेर पडलेले असतात. वाशीच्या बाजार समितीतला व्यापारी अनोळखी गटाला उधार देत नाही आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईचे दुकानदाराकडचे खाते तर आठवड्याचे असते.

मुद्रा योजनेतले शिशू कर्ज ५०,००० रुपयांपर्यंतचे. वरच्या हिशेबात रोजचा खर्च ६,००० रुपये आहे, म्हणजे ते जेमतेम आठ दिवस पुरते. अशा एका गटाच्या ताईंनी मला विचारले होते, “साहेब, काम वाढलं तशी तंगीही कशी काय वाढली?” मी त्यांना एवढेच सांगितले, की तुम्ही स्वयंपाकासोबत त्या कार्यालयाला बिनव्याजी कर्जही पुरवत आहात. वागळे इस्टेटमधल्या किंवा रबाळ्याच्या गाळ्यांत सुटे भाग बनवून देणाऱ्यांची कथा याहून निराळी नाही. तिथे डब्याच्या जागी पोलाद असते आणि वाट अधिक लांबलेली असते.

कायदा या बाबतीत लहानांच्या बाजूने आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही आणि करारच नसेल तर पैसे १५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराच्या नियमाचाही धाक आला आहे: सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. अडचण अशी, की ज्याच्यावर आपला सगळा धंदा अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला कोण धजावेल? म्हणून मला ट्रेड्स ही ऑनलाइन व्यवस्था अधिक उपयोगी वाटते. खरेदीदाराने देयक मान्य केले, की बँका व वित्तसंस्था त्यावर बोली लावतात, पुरवठादाराला थोडी सूट कापून पैसे लगेच मिळतात आणि पुढची वसुली खरेदीदाराकडून होते. २५० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता तिथे नोंदणी सक्तीची आहे.

पैशाच्या वेळेचा माग काढणे हे आपोआप पुण्यकर्म ठरत नाही, हेही सांगितले पाहिजे. आंध्र प्रदेशात सूक्ष्मवित्त कंपन्यांनी आठवड्याचा हप्ता आणि गटाची हमी ही पद्धत पक्की बसवली होती, पण एकाच घरात अनेक कंपन्यांची कर्जे गेली, वसुलीची जबरदस्ती वाढली आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढल्यावर वसुली जवळपास ठप्प झाली. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत, असा नियम केला. तो आधी हवा होता.

ठाणे आणि नवी मुंबईत मला सध्या सर्वांत मोठी जागा दिसते, ती ओल्या कचऱ्याच्या कामात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांवर स्वतंत्र जबाबदारी टाकली आणि घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या गृहसंकुलांना आवारातच ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचा प्रश्न पडला. तंत्र आपल्या खाडीपलीकडेच, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालेले आहे. ‘निसर्गऋण’ हा बायोगॅस संयंत्राचा आराखडा तिथलाच. स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक महिलांना संघटित करून अशी संयंत्रे चालवून दाखवली आहेत. मला यात रस वाटतो तो पैशाच्या वेळेमुळे. सोसायटी देखभालीची रक्कम सभासदांकडून ठरलेल्या तारखेला, कित्येकदा तिमाहीच्या आरंभीच, गोळा करते. कचरा वेचणाऱ्या बाईला भंगारवाला रोज पैसे देतो. तिला महिन्याच्या पगारावर आणायचे, तर पहिल्या महिन्याची उपासमार कोणी सोसायची, हे आधी ठरवावे लागते; आणि सोसायटीकडून तिमाहीची रक्कम आगाऊ मागितल्यास ते ठरवता येते. सभासदांच्या बैठकीत याला विरोध होतो खरा, पण लिफ्टच्या वार्षिक देखभालीचे पैसे हीच मंडळी आगाऊ भरतात.

सामाजिक उपक्रमांसाठी आता सामाजिक शेअर बाजारही आहे. २०२२ मध्ये सेबीने नियम केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये पहिली नोंद झाली. तिथल्या मुख्य रोख्यावर ना व्याज मिळते ना मुद्दल, म्हणजे ती शिस्तीत दिलेली देणगीच होय. मोठ्या संस्थांना तिचा उपयोग होईल. कळव्याच्या बचत गटाला तूर्त होणार नाही. मोठ्या कंपन्यांचा सामाजिक निधी एप्रिल २०१४ पासून सक्तीचा आहे, पण त्यातून शिलाई यंत्रे आणि पिठाच्या गिरण्याच अधिक येतात, कारण त्यांचे छायाचित्र निघते. जी कंपनी यंत्रे वाटते, तिनेच आपल्या उपाहारगृहाच्या ठेकेदाराला पंधराव्या दिवशी पैसे दिले, तर परिणाम अधिक होईल.

म्हणूनच कर्ज मागायला जाणाऱ्यांना माझी सूचना ठाम असते. यंत्रासाठीचे मुदत कर्ज बँक आनंदाने देते, कारण यंत्र डोळ्यांना दिसते. तुम्ही मात्र कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसे उचलायचे आणि पैसे आले की भरायचे खेळते भांडवल, मागा. अर्जासोबत कामाचा आदेश, लहान उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी, सहा महिन्यांचा यूपीआय जमेचा उतारा आणि खरेदीदाराने आजवर किती दिवसांनी पैसे दिले याचा तक्ता जोडा. निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, तो नम्रपणे पण आठवणीने बोलून दाखवा. आणि काम स्वीकारण्यापूर्वी त्या कंपनीची ट्रेड्सवर नोंदणी आहे का, हे खरेदी विभागाला दराच्या वाटाघाटी सुरू होण्याआधीच विचारा.