तुम्ही विचारलंत म्हणून: कन्सोलला नेटची सक्ती असली तर बिघडलं कुठे?

"घरोघरी वायफाय आहे, पोरांच्या फोनमध्ये फाइव्ह-जी आहे. मग कन्सोल कायम नेटला जोडलेला हवा, अशी अट कंपनीने घातली तर तुम्हा गेमवाल्यांच्या पोटात का दुखतं?" मी गेमिंगवर लिहितो हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो. विचारणारे बहुधा आईवडील असतात. कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. पन्नास हजारांची वस्तू घ्यायची म्हणजे चौकशी करणारच, आणि करावीच.

तर ऐका. या भांडणाची मोठी फेरी २०१३ साली झाली. मायक्रोसॉफ्टने २१ मे रोजी एक्सबॉक्स वन हा आपला नवा कन्सोल दाखवला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात अटी जाहीर केल्या. कन्सोलने दर २४ तासांत एकदा कंपनीच्या सर्व्हरकडे हजेरी लावायची. मित्राच्या घरी त्याच्या कन्सोलवर आपल्या खात्यातला गेम खेळत असाल, तर तासाला एकदा. हजेरी चुकली की गेम बंद. एकट्याने खेळायचा, नेटशी काडीचा संबंध नसलेला गेमही बंद. टीव्ही आणि ब्लू-रे सिनेमे मात्र चालू राहणार होते. म्हणजे गेम खेळायच्या यंत्रावर गेम सोडून बाकी सगळं! ज्यांच्याकडे नेट नाही त्यांनी काय करायचं, असं विचारल्यावर एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख डॉन मॅट्रिक म्हणाले की त्यांच्यासाठी आमच्याकडे एक्सबॉक्स ३६० आहे. म्हणजे जुनाच घ्या.

सोनीने ही संधी सोडली नाही. १० जूनला लॉस एंजेलिसच्या ई-३ या गेमिंग प्रदर्शनात त्यांनी सांगितलं की आमच्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलला असली हजेरी नाही आणि मायक्रोसॉफ्टसारखी डिस्कवर बंधनंही नाहीत, जुन्या डिस्क खुशाल विका, उसन्या द्या. वर किंमत ३९९ डॉलर, एक्सबॉक्सची ४९९. डिस्क उसनी कशी द्यायची हे दाखवणारा एक छोटा व्हिडिओही त्यांनी काढला: एकाने डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली, संपलं. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने अट मागे घेतली.

आता कंपनीची बाजूही सांगतो, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. डिस्क एकदा चढवली की पुन्हा घालायची गरज नाही आणि घरातल्या दहा जणांत आपली गेमची लायब्ररी वाटून घेता येणार, असं त्या योजनेत होतं. अट गेली तशी ही सोयही गेली, आणि मला तिची हळहळ वाटते. शिवाय जुनी डिस्क हातोहात फिरते तेव्हा गेम बनवणाऱ्याला दमडी मिळत नाही. आणि आपण काय धुतल्या तांदळासारखे होतो का? जेलब्रेक केलेला, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून चोरीचे गेम चालवणारा कन्सोल आणि हार्ड डिस्कवर भरून दिलेले गेम, हा आपल्याकडचा राजरोस धंदा होता. कंपन्यांना कुलूप लावावंसं वाटलं याचं मला नवल नाही.

पण त्या कुलपाची किल्ली कुणाच्या खिशात राहणार होती? एक्सबॉक्स वन जिथे अधिकृतपणे चालेल अशा २१ देशांची यादी सुरुवातीला निघाली होती. तिच्यात भारत नव्हता. पोलंडही नव्हता, आणि त्याच ई-३ मध्ये एक्सबॉक्सच्या मंचावर दाखवलेला 'विचर ३' हा गेम तिथल्याच सीडी प्रोजेक्ट कंपनीचा होता. स्वतः बनवलेला गेम आपल्याच देशात त्या यंत्रावर अधिकृतपणे चालणार नाही, अशी त्यांची गत! तुमच्या घरात वायफाय असेल हो, पण हजेरी घेणाऱ्याच्या वहीत तुमचं नावच नसेल तर?

आणि सर्व्हर त्यांचाही पडतो. एप्रिल २०११ मध्ये हॅकरांनी सोनीची ऑनलाइन सेवा, प्लेस्टेशन नेटवर्क, फोडलं आणि ते तब्बल २३ दिवस बंद होतं. त्या काळात पीएस ३ (म्हणजे प्लेस्टेशन ३) वर डिस्क घालून एकट्याने खेळणारे आरामात खेळत होते, कारण दारावर पहारेकरी नव्हता. २४ तासांची अट असती तर जगभर तेवढे दिवस डबे नुसते पडून राहिले असते. आपल्याकडे तर सरकारही नेट बंद करतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, जून २०२३ मध्ये कोल्हापुरात दंगलीनंतर इंटरनेट बंद होतं. संचारबंदीत घरात कोंडलेल्या पोराला खेळायला यंत्र हवं, तेव्हाच नेमकं ते अडून बसणार.

याहून वाईट प्रकार कायमचा. यूबीसॉफ्ट या कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींचा गेम २०१४ चा. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरशिवाय चालत नसे. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेल्या डिस्कची चकती झाली. त्यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघात तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की डिजिटल वस्तूचा नुसता परवानाच विकत असाल, तर 'खरेदी करा' म्हणताना तसं ग्राहकाला स्पष्ट सांगा. आपल्याकडे असं काही झालं तर मला आवडेल.

म्हणजे २०१३ ला ग्राहक जिंकले का? अर्धे. सक्ती पुढच्या दाराने हाकलली, ती मागच्या दाराने हप्त्याहप्त्याने आत आली. २०२३ च्या सडपातळ पीएस ५ ला डिस्क ड्राइव्ह वेगळी जोडता येते, पण जोडताना एकदा नेट लागतंच. २०२२ च्या 'मॉडर्न वॉरफेअर २' या गेमच्या पीएस ५ डिस्कवर शंभर एमबीचाही ऐवज नव्हता. बाकी सगळा गेम उतरवून घ्या. गेल्या गणपतीत देवरुखजवळ बहिणीकडे भाच्याने नवीकोरी डिस्क मोठ्या हौसेने घातली. ड्राइव्ह घरघरली आणि पडद्यावर आलं, आधी डाउनलोड. रेंज फक्त पडवीत. मग फोनचा हॉटस्पॉट करून तो खिडकीच्या गजाला रुमालाने बांधला, त्यावर पावसाचे थेंब येऊ नयेत म्हणून ताईने दुधाची पिशवी कापून चढवली. रेघ चार टक्क्यांवर आली आणि दिवसाचा डेटा संपला. आरतीला उठलो सगळे.

एकदाच नेट लागणं आणि रोज लागणं यांत मी फरक करतो. एकदाच असेल तर हॉटस्पॉटवर, शेजाऱ्याच्या वायफायवर भागतं. रोजची हजेरी मला अमान्य, मग घरात कितीही वेगवान फायबर असो.

तुम्ही घेणार असाल तर डिस्कवाला घ्या. चार हजार नऊशे नव्याण्णवचा गेम खेळून झाल्यावर विकता येतो. डिजिटल, म्हणजे डिस्कशिवाय नेटवरून घेतलेला, खात्यातच राहतो. डिजिटल गेम नेटविना चालावेत म्हणून पीएस ५ मध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू आहे ना, एक्सबॉक्समध्ये तो कन्सोल 'होम एक्सबॉक्स' केलाय ना, हे पहिल्याच दिवशी, नेट असतानाच, बघून घ्या. आणि कुणी दुबईहून निन्टेन्डोचा स्विच २ हा कन्सोल आणत असेल तर गेमच्या खोक्यावर खाली पांढरी पट्टी आणि किल्लीचं चिन्ह आहे का ते बघायला सांगा. असेल तर त्या कार्डात गेम नाही, तो उतरवून घ्यायची परवानगी आहे. कार्ड पुढे विकता येतं, एवढी त्यातली बरी गोष्ट. पण घेणाऱ्याला सांगून विका.