मावशीच्या दागिन्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या

मावशी गेली त्याला आता दोन वर्षं होतील. सांगलीला गावभागात तिचा फ्लॅट, पहिल्या मजल्यावरचा, ३१ वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवून स्वतःच्या पगारातून हप्ते फेडून घेतलेला. काका लग्नानंतर चार वर्षांतच गेले, मूलबाळ नव्हतं, आणि सुट्टी लागली की आम्ही सगळी भाचरं तिच्याकडेच असायचो त्यामुळे ती एकटी राहते असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

तेरावा झाल्यावर आईने आणि मी कपाट उघडलं. खालच्या खणात साड्यांच्या मागे स्टीलचा डबा, त्यात दागिने, आणि प्रत्येक दागिन्याला पांढऱ्या दोऱ्याने एकेक चिठ्ठी बांधलेली, कॅलेंडरच्या पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूची. मोहनमाळेला "थोरलीच्या सुनेला", पाटल्यांना "धाकट्या भाचीला" म्हणजे मला, आणि कुड्यांच्या चिठ्ठीवर "बाईंच्या लेकीला, लग्नात". बाई म्हणजे मावशीकडे कामाला येणाऱ्या, अकरा वर्षं येत होत्या आणि शेवटच्या आजारपणात तर रात्रीही तिथेच झोपायच्या. दोऱ्याच्या गाठी इतक्या बारीक होत्या की आईला त्या सोडवेनात, आणि खरं सांगायचं तर सोडवायच्याही नव्हत्या.

या चिठ्ठ्या घेऊन आम्ही वकिलांकडे गेलो, वाटलं हेच तिचं मृत्युपत्र. ते म्हणाले, हिच्यावर सही नाही, तारीख नाही, साक्षीदार नाहीत, कायद्याने याला मृत्युपत्र म्हणता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "यांच्या सासरी कोण कोण आहे?" आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो कारण सासरचा विषय आमच्या घरात चाळीस वर्षांत निघाला नव्हता.

तर हे मला तोवर माहीत नव्हतं आणि मी ज्या ज्या मैत्रिणीला सांगितलं तिलाही माहीत नव्हतं म्हणून हे सविस्तर लिहितेय. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे, त्यात कलम १५ खास बायकांसाठी. विवाहित बाई मृत्युपत्र न करता गेली तर आधी मुलंबाळं आणि नवरा. ते कोणीच नसतील तर नवऱ्याचे वारस, म्हणजे सासू-सासरे, ते नसतील तर दीर, नणंदा, तेही नसतील तर त्यांची मुलं. तिचे स्वतःचे आईवडील त्याच्या नंतर येतात, आणि भाऊबहिणी तर त्याच्याही नंतर! याला अपवाद एवढाच की आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता मूलबाळ नसेल तर वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणून आजोबांची तासगावजवळची २२ गुंठे, जी मावशीच्या वाटणीला आली होती, ती माहेरी परत आली, आणि जो फ्लॅट तिने स्वतः कमावला तो काकांच्या दोन पुतण्यांना गेला, ज्यांना ती फक्त लग्नाकार्यात भेटायची. स्वतः कमावलेलं सासरी आणि वडिलांकडून वारशाने आलेलं माहेरी, हे मी वकिलांना दोनदा विचारून घेतलं कारण मला खरंच वाटेना.

सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेली अशीच एक केस आहे, २००९ चा निकाल, नारायणी देवींची. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, आईवडिलांनी शिकवलं, नोकरी लागली, आणि १९९६ मध्ये त्या मृत्युपत्र न करता गेल्या. त्यांच्या आईने पैशावर हक्क सांगितला तेव्हा कोर्टाने म्हटलं की सहानुभूतीवर कायदा चालत नाही, आणि सगळं नणंदेच्या मुलांना मिळालं. मी हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही.

आता नॉमिनीचं सांगते कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. मावशीच्या एफडीला आई नॉमिनी होती, सोसायटीतही आईचंच नाव. बँकेने पैसे आईच्या खात्यात टाकले आणि आम्हाला वाटलं झालं काम. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेणारा माणूस. शेअर आणि म्युच्युअल फंडाबद्दल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी केसमध्ये हेच स्पष्ट केलं. सोसायटीच्या फ्लॅटचंही तसंच, महाराष्ट्रात २०१९ पासून सहकार कायद्यात लिहिलेलंच आहे की वारस ठरेपर्यंत नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद. विम्यात थोडं वेगळं आहे, तिथे नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर साधारणपणे पैसे त्यांचेच होतात. पण बहीण-भाची त्यात नाही. आईने एफडीचे पैसे पुतण्यांना दिले, एक रुपया न ठेवता, आणि चेकवर सही करताना ती काहीच बोलली नाही.

पुतणे वाईट नाहीत हे मला मुद्दाम लिहायचंय. थोरल्याने डबा उघडून चिठ्ठ्या बघितल्या, बराच वेळ हातात धरून बसला आणि म्हणाला, "काकूंचं अक्षर आहे, दागिन्यांना आम्ही हात लावणार नाही." म्हणून पाटल्या माझ्याकडे आहेत आणि कुड्या बाईंच्या लेकीकडे. फ्लॅट मात्र विकला गेला. कोर्टातून वारस दाखला मिळवण्यातच त्यांचेही चौदा महिने गेले. आणि मावशी कायम म्हणायची, आमच्या सगळ्यांसमोर, की माझ्या मागे बाईंना दोन लाख द्यायचे, ते दोन लाख कुठेच लिहिलेले नव्हते. आम्ही भाचरांनी मिळून पन्नास हजार दिले. बाई नको म्हणत होत्या. मला अजूनही त्यांच्यासमोर जायला जड जातं.

मृत्युपत्र करायला मुळात लागतं काय? साधा कागद पुरतो. स्टँप पेपर लागत नाही, स्टँप ड्युटी नाही, स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलं तरी चालतं, नोंदणीही सक्तीची नाही. लागतात दोन साक्षीदार, ज्यांच्यासमोर तुम्ही सही कराल आणि तुमच्या समोर ते सह्या करतील. आत काय लिहिलंय ते त्यांनी वाचायची गरज नाही. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, आणि तुमच्यापेक्षा वयाने लहान बघा म्हणजे उद्या कोर्टात सांगायला कोणीतरी असेल. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा. मी तर म्हणेन नोंदणीही करूनच टाका, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात होते, कारण नंतर "ही सही त्यांची नव्हेच" म्हणणाऱ्याचं तोंड बऱ्यापैकी बंद होतं. मन बदललं तर नवीन करता येतं, शेवटचं असतं तेच खरं. आणि एक ओळ विसरू नका, "याव्यतिरिक्त माझं जे काही असेल ते अमक्याला", कारण नंतर काढलेली एफडी, विसरलेलं पोस्टाचं खातं, हे सगळं त्या एका ओळीत येतं.

पुरुषांनीही हे वाचून सोडून देऊ नका. "मी गेलो तर सगळं बायकोचंच आहे की" असं माझा नवराही म्हणायचा. तसं नाहीये. हिंदू पुरुष मृत्युपत्राशिवाय गेला तर बायको, प्रत्येक मूल आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. म्हणजे आमच्या फ्लॅटचे चार भाग, मी, दोन मुलं, सासूबाई, आणि मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असतील तर त्यांचा हिस्सा विकायला कोर्टाची परवानगी. (मुसलमान कुटुंबात मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं, गोव्यात निम्म्या मालमत्तेवर मुलांचा हक्क राखीव असतो, तेव्हा तिकडच्यांनी आपापल्या वकिलांना विचारावं.)

बऱ्याच जणी विचारतात की हयातीतच मुलांच्या नावावर बक्षीसपत्र करून दिलं तर? महाराष्ट्रात राहतं घर मुलाला-मुलीला द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपयेच आहे त्यामुळे मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे, राहतं घर शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर ठेवा. बक्षीसपत्र झालं की घर त्या दिवसापासून दुसऱ्याचं, सांभाळ करायची अट त्यात लिहिलेली नसेल तर ते परत मिळवणं फार अवघड. मृत्युपत्र तुमच्या मागे लागू होतं, तोवर तुमचं घर तुमचंच.

अजून दोन कामं, छोटी आहेत. लग्नाआधी पीएफला केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर रद्द होतं, ते नव्याने करा. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, तेही बघून घ्या.

२०१९ च्या पुरात गावभागात पाणी भरलं तेव्हा मावशी सत्तरीला आली होती. कपडे, टीव्ही, काही घेतलं नाही, खरेदीखत, शेअर सर्टिफिकेट, पेन्शनचे कागद, सगळी पासबुकं दुधाच्या पिशव्यांत गुंडाळून पोटाशी धरून तिसऱ्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेली होती. ती सगळी पिशवी आम्हाला जशीच्या तशी मिळाली, एकाही कागदाला डाग नाही. एवढ्या जपणाऱ्या बाईला दोन साक्षीदार बोलावून एक पान लिही असं आमच्यापैकी कोणीच कधी सांगितलं नाही, कारण तिच्या मरणाचा विषय आपण कसा काढायचा असं प्रत्येकाला वाटत राहिलं.

मागच्या महिन्यात आईचं मृत्युपत्र नोंदवून आलो. विषय मीच काढला, जेवताना, आणि आई लगेच म्हणाली, "मी वाटच बघत होते कोणीतरी विचारेल म्हणून." अडीच पानं झाली. तिसरा मुद्दा बाईंचा आहे, दोन लाखांतले राहिलेले दीड लाख, त्यांचं पूर्ण नाव आणि पत्ता घालून.