वहीत नसलेलं वाक्य

फेब्रुवारीतली दुपार. तास संपवून स्टाफरूममध्ये डबा उघडला, तेवढ्यात अर्थशास्त्राचे आमचे सहकारी एका गृहस्थांना घेऊन आले. “मॅडम, यांच्या प्रबंधाची भाषा जरा बघाल का? रिपोर्टमध्ये अठरा टक्के आलेत.”

रिपोर्ट म्हणजे प्रबंधातला किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो, ते सांगणारा सॉफ्टवेअरचा अहवाल. भाषा बघा म्हणजे अठराचे दहाच्या आत आणून द्या, हे इंग्रजीच्या माणसाला न सांगता कळतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत साम्य माफ असतं. दहा ते चाळीसच्या दरम्यान असलं, तर ठरलेल्या मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, प्रबंध सुधारून द्यावा लागतो. गृहस्थ तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवणारे, वय अडतिशीच्या पुढचं, एम. ए.पर्यंतचं सगळं शिक्षण मराठीतून. पीएचडी तेवढी इंग्रजीतून, गाईडांच्या आग्रहाखातर. विषय होता ठिबक सिंचन आणि ऊस, १२० शेतकऱ्यांचा सर्व्हे. ते दाराशीच उभे होते. कुणीतरी त्यांना ‘कॉपी’ हा शब्द ऐकवलेला दिसत होता.

रिपोर्ट उघडला. जुळणारा मजकूर त्यात पिवळा केलेला होता. उचललेले परिच्छेद सापडतील, अशी माझी खात्री होती. (वीस वर्षांत हा संशय अंगवळणी पडलाय, त्याचा अभिमान नाही.) पण सलग परिच्छेद एकही पिवळा नव्हता. पिवळा रंग होता तो वाक्यांच्या तोंडाशी, हळदीची बोटं लावावीत तसा. ‘फ्रॉम द अबोव्ह टेबल इट इज ऑब्झर्व्ह्ड दॅट.’ ‘प्लेज अ व्हायटल रोल इन द.’ ‘अ‍ॅज फार अ‍ॅज द स्मॉल फार्मर्स आर कन्सर्न्ड.’ पुढचं वाक्य मात्र त्यांचं स्वतःचं, गावाच्या नावासकट.

ग्रंथपालांना गाठलं. त्याच नियमांत म्हटलंय की सलग चौदा शब्दांपर्यंतची योगायोगाने जुळणारी किंवा सर्वसामान्य शब्दरचना साम्यात धरायची नाही. सॉफ्टवेअरमध्ये ती मर्यादा कुणी घातलीच नव्हती. ती घातल्यावर अठराचे सात झाले. दहा मिनिटांचं काम, आणि त्यापायी माणूस आठवडाभर झोपला नव्हता.

खरं तर काम तिथेच संपलं होतं. पण ते उठेनात. पिशवीतून त्यांनी एक दोनशेपानी वही काढली. “मॅडम, मी चोरी केली नाही. हे बघा.”

प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारलेली. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. ‘वरील तक्त्यावरून असे दिसून येते की’, त्यासमोर ‘फ्रॉम द अबोव्ह टेबल’. ‘दुसरीकडे’, त्यासमोर ‘ऑन द अदर हँड’. ‘महत्त्वाची भूमिका बजावते’, त्यासमोर ‘व्हायटल रोल’. शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे प्रबंध वाचून तीन वर्षांत हे जमवलेलं होतं. सुरुवातीची काही पानं तर दहावीच्या निबंधाच्या गाईडमधली असावीत, कारण त्यांत ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ होतं.

मला हसू आलं नाही. माझ्या एम. फिल.च्या प्रबंधिकेत ‘व्हायटल रोल’ किती वेळा आलाय, ते मला माहीत आहे. शिवाय इंग्रजी ज्यांची मायबोली आहे, तेही असल्याच विटांनी भिंत रचतात. भाषाशास्त्रज्ञ डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी १९९९च्या व्याकरणग्रंथात या ठरावीक शब्दमालिकांना ‘लेक्सिकल बंडल्स’ म्हटलं. केन हायलंड यांनी २००८ साली शोधनिबंध आणि प्रबंधांमधल्या चार-चार शब्दांच्या मालिका मोजल्या, तेव्हा पहिला नंबर ‘ऑन द अदर हँड’चाच आला. अँजेला हॅसलग्रेन यांनी १९९४ साली नॉर्वेच्या विद्यार्थ्यांचं इंग्रजी पाहून म्हटलं होतं की शिकणारी माणसं ओळखीचे शब्द टेडी बेअरसारखे कवटाळून असतात. वही हातात घेतल्यावर मला तेच आठवलं. कडा मळलेल्या, मधला टाका सैल झालेला.

उत्सुकता म्हणून त्यांचं चौथं प्रकरण अँटकाँकमध्ये टाकलं. लॉरेन्स अँथनी यांचं हे शब्द मोजायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. एकट्या त्या प्रकरणात ‘ऑन द अदर हँड’ एकेचाळीस वेळा. एकेक वाक्य काढून बघितलं, तर निम्म्याहून जास्त ठिकाणी विरोध कसलाच नव्हता. ‘शेतकऱ्यांना अनुदान मिळाले. ऑन द अदर हँड त्यांना प्रशिक्षणही मिळाले.’ मराठीतलं ‘दुसरीकडे’ तसं ऐसपैस असतं. एकीकडे स्वयंपाक चालू आणि दुसरीकडे पाहुणे आले, यात भांडण कुणाचंच नाही. इंग्रजी वाचक मात्र तो शब्द दिसला की भांडणाची वाट बघत बसतो.

“म्हणजे तीन वर्षं मी चुकीचं लिहितोय?” त्यांनी विचारलं.

“निम्मं,” मी म्हटलं. त्यांनी वहीत त्या ओळीसमोर पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलं.

त्याहून मला खटकला तो ‘सिग्निफिकंट’. जिथे तिथे ‘सिग्निफिकंट इन्क्रीज’. संशोधनात हा शब्द वापरायचा, तर फरक निव्वळ योगायोगाचा नाही हे टी-टेस्टसारख्या संख्याशास्त्रीय चाचणीने दाखवावं लागतं. ती केली होती का, विचारलं तर नव्हती. त्यांना ‘बऱ्यापैकी वाढ’ एवढंच म्हणायचं होतं, पण व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकाने त्या एका शब्दावरून सोलून काढलं असतं. गंमत अशी, की हा शब्द कुठेच पिवळा झाला नव्हता. यंत्राला त्यात काही गैर वाटलं नाही आणि तोवर तो खोडलाही कुणी नव्हता. मी सतरा ठिकाणी खोडला.

चार वाजत आले होते. चहा मागवला आणि सहज विचारलं, “शेवटी सापडलं काय तुम्हाला?”

बशी खाली ठेवून ते मराठीत बोलू लागले, आणि माणूसच बदलला. “मॅडम, सगळे म्हणतात ठिबकने पाणी वाचतं. वाचतंच. पण वाचलेलं पाणी विहिरीत राहात नाही ना! ज्याचा एक एकर ऊस होता, त्याने दीड एकर केला. ज्याची ज्वारी होती, त्यानेही ऊस लावला. विहीर मार्चमध्ये आटायची ती मार्चमध्येच आटते. निम्म्या लोकांनी मला हेच सांगितलं.”

मी प्रकरण पुन्हा चाळलं. हे कुठेच नव्हतं. तक्त्यात उसाच्या वाढलेल्या क्षेत्राचे आकडे होते, पण खाली एवढंच की ठिबक सिंचन व्हायटल रोल बजावतं.

“हे का नाही लिहिलंत?”

त्यांनी वहीकडे पाहिलं. “याला वाक्य सापडलं नाही कुठे.”

मी कागद पुढे सरकवला. म्हटलं, आत्ता सांगितलंत तेच लिहा, वही मिटून. पाचेक मिनिटं गेली. मग एक ओळ आली: ‘फार्मर्स हू सेव्ह्ड वॉटर प्लांटेड मोअर केन विथ इट.’ मी एक अक्षर बदललं नाही.

ते बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. “एवढं साधं चालतं?”

“चालतं.”

“मग मॅडम, निदान सुरुवातीला ‘इट इज वर्थ मेन्शनिंग दॅट’ लावू का?”

मी नको म्हणणार होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि म्हटलं, “लावा. एकदाच.”