सेकंदाला शहाऐंशी नोंदी

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असते. त्या चार तासांत मला त्यांचा बारा वर्षांचा सगळा डेटाबेस बाहेरच्या होस्टिंगवरून काढून वाचनालयातल्याच संगणकावर चढवून द्यायचा होता. होस्टिंगची मुदत त्या आठवड्यात संपत होती, ती वाढवायची नाही असे कार्यकारी मंडळाने ठरवले होते, आणि पूर्वी ही प्रणाली बनवून देणाऱ्या गृहस्थांनी एका पेन ड्राइव्हवर सगळा डेटा आज्ञांच्या रूपात असलेली १४५ एमबीची एसक्यूएल फाइल देऊन आपले अंग काढून घेतले होते. सकाळच्या वेळातील देवघेवीच्या अकरा नोंदी ग्रंथपाल बाईंनी वहीत हाताने लिहून ठेवल्या होत्या. "चार वाजता दार उघडलं की लोक उभेच असतात हो सर, तोवर होईल ना?" असे त्यांनी विचारले, आणि मी फाइल उघडूनही न पाहता होईल म्हणून सांगून टाकले.

संगणक जुना होता. ४ जीबी मेमरी आणि फिरत्या तबकडीची ५०० जीबीची हार्ड डिस्क. वेब सर्व्हर, पीएचपी ही भाषा आणि डेटाबेस एकत्र देणारे झॅम्प त्यावर आधीच बसवलेले होते. ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायच्या पीएचपी-मायॲडमिनमध्ये फाइल निवडून इम्पोर्टचे बटण दाबले, तर फाइल फार मोठी असल्याचे उत्तर आले. हे अपेक्षितच होते, कारण झॅम्पमध्ये अपलोडची मर्यादा ४० एमबी ठेवलेली असते. अपलोडची आणि पोस्टची, अशा दोन्ही मर्यादा २५६ एमबी केल्या, अपाची हा वेब सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, तरी उत्तर तेच. पाऊण तास गेल्यावर लक्षात आले की मी चुकीच्या फाइलमध्ये बदल करत होतो. झॅम्पच्या पीएचपी फोल्डरमध्ये सेटिंग्जच्या खऱ्या आयएनआय फाइलबरोबर 'डेव्हलपमेंट' आणि 'प्रॉडक्शन' असे शेपूट लावलेले तिचे दोन नमुनेही ठेवलेले असतात. विंडोज ओळखीच्या फाइलींचे शेपूट लपवत असल्याने खरी फाइल नुसती 'पीएचपी' या नावाने दिसते आणि नमुन्याची मात्र पूर्ण नावानिशी, त्यामुळे घाईत माणूस नमुन्यालाच खरी समजतो. पीएचपी-इन्फोच्या पानावर नेमकी कोणती फाइल वाचली गेली तिचा पूर्ण पत्ता छापलेला असतो. तो आधी पाहायला हवा हे मला वीस वेळा तरी ठाऊक होते.

फाइल आत गेली, इम्पोर्ट सुरू झाले, आणि पाच मिनिटांना चार-पाच सेकंद कमी असताना स्क्रिप्टची वेळ संपल्याचा संदेश आला. हीच फाइल पुन्हा द्या, म्हणजे काम पुढे चालू होईल, असा सल्लाही त्यासोबत होता. मी पीएचपीची कमाल वेळमर्यादा वाढवून ३,००० सेकंद केली आणि पुन्हा सुरुवात केली, तर काम पुन्हा पाच मिनिटांपाशीच थांबले. ही मर्यादा पीएचपीची नव्हतीच. पीएचपी-मायॲडमिन स्वतःच्या कॉन्फिग फाइलमधील मर्यादा लागू करते, आणि ती मुळात ३०० सेकंदांची असते. ती शून्य केली की वेळेचे बंधन सुटते. मीही ते करणारच होतो, पण त्याआधी सहज म्हणून पुस्तकांच्या टेबलमध्ये किती ओळी आल्या आहेत ते मोजले. पहिल्या फेरीत २५,४३० आल्या होत्या आणि दुसऱ्या फेरीनंतर एकूण ५०,९०० च्या आसपास झाल्या होत्या. म्हणजे दोन्ही वेळा सेकंदाला साधारण शहाऐंशी नोंदी.

हा आकडा मला खटकला. एका नोंदीत दाखल क्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, वर्ग, किंमत एवढाच मजकूर होता, आणि कितीही जुना संगणक असला तरी एवढ्याशा मजकुराच्या नोंदी तो सेकंदाला काही हजार तरी लिहू शकतो. टास्क मॅनेजर उघडून पाहिले, तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला आणि डिस्क मात्र शंभर टक्के व्यग्र. पण तिच्यावर प्रत्यक्ष लिहिला जाणारा मजकूर अगदीच क्षुल्लक होता. मग फाइलचा थोडा भाग उघडून पाहिला. त्या गृहस्थांनी बॅकअपसाठी स्वतःच लिहिलेल्या स्क्रिप्टने प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्र इन्सर्टची, म्हणजे नोंद घालण्याच्या आज्ञेची, ओळ काढली होती. मायएसक्यूएल या डेटाबेसचे नेहमीचे डम्प, म्हणजे बॅकअपची फाइल, शेकडो नोंदी एका इन्सर्टमध्ये बांधते. इथे सहा लाख पाच हजार नोंदींना तेवढेच इन्सर्ट होते.

झॅम्पमध्ये २०१५ पासून मायएसक्यूएलऐवजी मारियाडीबी हा त्यापासूनच निघालेला डेटाबेस येतो, पण या बाबतीत दोघांचा स्वभाव सारखाच आहे. ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक आज्ञा लगेच पक्की (कमिट) करण्याची सोय, चालू असले की प्रत्येक इन्सर्ट हा आपल्यापुरता एक पूर्ण व्यवहार धरला जातो, आणि तो पक्का झाला असे सांगण्यापूर्वी इनोडीबी हे डेटाबेसचे साठवणयंत्र आपली लॉग फाइल खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करून घेते. साधी तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. त्याच जागी पुन्हा लिहायचे तर तबकडीचा तो भाग फिरून यावा लागतो. प्रत्येक नोंदीमागे एक फेरा आणि वर थोडी इकडतिकडची ये-जा धरली, की शहाऐंशी हा आकडा अगदी सरळ जमतो. संगणक मंद नव्हता. आम्ही त्याला सहा लाख वेळा डिस्कच्या दारात उभे करत होतो. वेळमर्यादा काढून टाकली असती तर काम झाले असते, पण त्याला जवळजवळ दोन तास लागले असते, आणि घड्याळात दोन वाजून वीस मिनिटे झाली होती.

डिस्कवर उतरवण्याची ही खात्री कायमची सैल करून ठेवण्याचा एक सोपा मार्ग अनेक जण सुचवतात. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि त्या संगणकाला यूपीएसही नव्हता, म्हणून ती सेटिंग मी हात न लावता तशीच ठेवली. त्याऐवजी ब्राउझर बाजूला ठेवून कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत मायएसक्यूएलचा क्लायंट, म्हणजे सर्व्हरला आज्ञा पाठवणारा प्रोग्राम, उघडला, देवनागरी नीट यावी म्हणून अक्षरसंच यूटीएफ-८-एमबी-४ दिला, अर्धवट भरलेला डेटाबेस पुसून नवा तयार केला, फक्त त्या सत्रापुरते ऑटोकमिट बंद केले, आणि 'सोर्स' आज्ञेने फाइल वाचायला लावली. शेवटी एकदाच कमिट करायचे, असा बेत होता. एकेक ओळ घातल्याची इंग्रजी पावती पडद्यावर इतक्या वेगाने धावू लागली की डोळ्यांना नुसता पांढरा पट्टा दिसत होता. बाईंनी चहा मागवला.

चहा संपायच्या आत तो पट्टा अचानक विरला आणि ओळी वाचता येतील अशा संथपणे वर सरकू लागल्या. काम बंद पडले नव्हते, चुकीचा संदेशही समोर नव्हता, फक्त चाल बदलली होती. खिडकी मागे सरकवत नेली, तेव्हा त्या हजारो ओळींच्या पोटात तीन वेगळ्या ओळी सापडल्या: सर्व्हर निघून गेला आहे, जोडणी नाही, पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करत आहे.

झाले होते ते असे. छायाचित्रांच्या छोट्या टेबलमध्ये वाचनालयाच्या जुन्या इमारतीचा सुमारे ९०० केबीचा फोटो थेट डेटाबेसमध्येच ठेवलेला होता, आणि फाइलमध्ये तो सोळा-आधारी अंकांत लिहिलेला असल्याने त्याची लांबी दुप्पट, म्हणजे १.८ एमबी झाली होती. झॅम्पच्या मायएसक्यूएलमध्ये एका पॅकेटची, म्हणजे एका वेळी पाठवायच्या मजकुराची, कमाल मर्यादा १ एमबी ठेवलेली असते. मर्यादेबाहेरचे पॅकेट दिसताच सर्व्हरने जोडणी तोडली, आणि क्लायंटने आपणहून नवी जोडणी करून पुढची ओळ वाचायला घेतली. नवी जोडणी म्हणजे नवे सत्र, आणि नव्या सत्रात ऑटोकमिट पुन्हा चालू. चाल मंदावली ती त्यामुळे. पण त्याहून वाईट म्हणजे जुन्या सत्रात कमिट न झालेले सगळे काम सर्व्हरने मागे घेतले होते. नवे टेबल तयार करताना आधीचे काम आपोआप कमिट होते, पण या फाइलमध्ये सगळी टेबले सुरुवातीलाच तयार होत असल्याने मधे कुठे आपोआप कमिट होण्याचाही प्रसंग आला नव्हता. मी पुस्तके मोजली. उत्तर आले शून्य. बाई माझ्या खुर्चीमागेच उभ्या होत्या. "सर, पुस्तकं गेली का?" असे त्यांनी ज्या आवाजात विचारले, तो आवाज मला आजही आठवतो. पुस्तके पेन ड्राइव्हवर शाबूत आहेत, असे मी त्यांना दोनदा सांगितले. त्यातले एकदा स्वतःला.

चूक समजल्यावर करायचे फारसे उरले नव्हते. मायएसक्यूएलच्या आयएनआय फाइलमध्ये सर्व्हरच्या विभागात पॅकेटची मर्यादा ६४ एमबी केली आणि कंट्रोल पॅनेलमधून मायएसक्यूएल बंद करून पुन्हा चालू केले. या वेळी क्लायंटला आपणहून पुन्हा जोडणी न करण्याचा पर्याय दिला, म्हणजे तुटले तर निदान तिथेच थांबेल. ऑटोकमिट बंद, सोर्स आणि कमिट या तिन्ही आज्ञा एकाच ओळीत देऊन टाकल्या, म्हणजे पडद्यावर पावत्या छापण्यात वेळ जाणार नव्हता आणि शेवटचे कमिट विसरण्याची भीतीही नव्हती. तीन वाजून दहा मिनिटांनी एंटर दाबले. पावणेचार मिनिटांनी कर्सर गुपचूप पुढच्या ओळीवर येऊन उभा राहिला.

एवढ्यावर माझा विश्वास बसला नाही, म्हणून मूळ फाइलमधील इन्सर्टच्या ओळी टेबलनिहाय मोजून त्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहिल्या; त्या जुळल्या. काळ्या खिडकीत देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसत होते, पण तो त्या खिडकीचा दोष होता. ब्राउझरमध्ये नावे जोडाक्षरांसकट नीट उमटली. बाईंना तरीही माझे मोजमाप पुरेसे वाटले नाही. त्यांनी कपाटातून दाखल नोंदवही काढली, शेवटचे लिहिलेले पान उघडले आणि ६१,८७४ हा क्रमांक मला शोधायला लावला. तो शेवटचाच निघाला, आणि पुस्तकही तेच. मग त्यांनी मधलेच एक पान उघडून आणखी तीन क्रमांक विचारले.

चारला दहा मिनिटे कमी असताना त्या खुर्चीवर बसल्या आणि सकाळच्या अकरा नोंदी वहीतून एकेक करून भरू लागल्या. ऑटोकमिट आता नेहमीप्रमाणे चालू होते. प्रत्येक वेळी 'सेव्ह' दाबल्यावर डिस्क आपला फेरा पूर्ण करत होती, आणि बाईंना तो कळतही नव्हता. सातव्या नोंदीला बाहेरून कोणीतरी दाराची कडी वाजवली. "चार वाजू देत," बाई मान वर न करता म्हणाल्या.