शंभर लिटर

आमची कोथरूडची बिल्डिंग गेल्या वर्षी मार्चमध्ये पाडली. १९८४ची, तीन मजली, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगा सहा वर्षं चालल्या होत्या; त्यातली भांडणं सांगायला बसले तर तो वेगळाच ब्लॉग होईल. शेवटी करार झाला. नवी इमारत होईपर्यंत बिल्डर दरमहा भाडं देणार, सामान हलवायचे पैसे वेगळे. बाकीचे अकरा जण भाड्याचं घर शोधत कर्वेनगर, वारजे, बावधन पालथं घालत होते. माझा नवरा म्हणाला, "आपण घर नकोच घेऊया."

हा माणूस आयुष्यभर चिंचवडला एका कंपनीच्या टूलरूममध्ये होता. त्याच्या डोक्यात काही आलं की ते आधी कागदावर उतरतं, आणि कागदावर उतरलं की त्याला मापं पडलेली असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ड्रॉइंग समोर आलं. गाडी, गाडीत पलंग, पलंगाखाली पाण्याची टाकी, दाराशी ओटा. ओट्याची उंची माझ्या कोपराला धरून काढली होती. तिथे मी विरघळले, खरं सांगते.

गाडी जुनी फोर्स ट्रॅव्हलर, आधी शाळेच्या मुलांची ने-आण करणारी. सीट काढल्या तेव्हा खालून तेरा पेन्सिली, एक मोजा आणि दगड झालेलं अर्धं चॉकलेट निघालं. पेन्सिली मी ठेवून घेतल्या. हिशोबाच्या वहीला त्याच वापरते.

आपल्याकडे गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात कलम ५२ आहे, आणि राहण्याच्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ असं वेगळं मानक आहे. गंमत अशी की या मानकांचं काम जिथून चालतं ती एआरएआय, म्हणजे गाड्यांची तपासणी आणि संशोधन करणारी संस्था, आमच्याच टेकडीवर. वीस वर्षं मी रोज सकाळी त्या बाजूला फिरायला जात होते, आत काय चालतं याची कधी चौकशी केली नव्हती. कागदपत्रांना पाच महिने गेले. त्यातले दोन एका शिक्क्यासाठी. त्याबद्दल लिहीत नाही, बीपी वाढतं. लायसन्स मात्र कारचंच चालतं, कारण गाडी साडेसात टनांच्या पुष्कळ आतली आहे.

असे चौदा महिने झाले. लोकांना वाटतं अवघड काम म्हणजे घाटात गाडी चालवणं. ते नवरा करतो, मला त्यातलं कळत नाही. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. माझ्याकडे वही आहे. तिच्यात दोन खाती, वीज आणि पाणी. विजेचं लवकर जमलं. छतावर ३३० वॉटची दोन पॅनेलं, खाली लिथियमची २०० अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे पूर्ण भरली की अडीच युनिट. फ्रिज दिवसाला अर्धं युनिट खातो. इंडक्शनवर कुकर लावला की तेवढंच वीस मिनिटांत जातं, त्यामुळे ढग आले की पाच किलोचा सिलिंडर बाहेर काढायचा. जुलैत ताम्हिणीत पॅनेलं म्हणजे नुसतं छप्पर. चार दिवस खोबऱ्याची चटणी पाट्यावर वाटायची वेळ आली असती, पण पाटा कुठे आणलाय!

पाण्याचं खातं मात्र अजून जमत नाही.

टाकी १२० लिटरची. शहरांत माणशी रोज १३५ लिटर धरून पाणीयोजना आखतात, गावांसाठी जलजीवन मिशनचा आकडा ५५. म्हणजे सरकारी हिशोबाने आमची टाकी एका शहरी माणसाला एक दिवससुद्धा पुरणार नाही. आम्ही दोघं ती तीन दिवस पुरवतो. दोघांच्या आंघोळी मिळून १४, स्वयंपाक आणि पिणं ९, भांडी ७, संडास ३, बाकी हात-तोंड वगैरे ५. एकूण ३८. कपडे बाहेर. हे आकडे सहज आलेले नाहीत. पहिल्या आठवड्यात मी ओट्याचा नळ घरच्यासारखा धो-धो सोडला आणि दुपारी दोन वाजता टाकी कोरडी.

भांड्यांनी मला माझी आजी आठवली. ताट आधी पोळीच्या शेवटच्या तुकड्याने पुसून खायचं, मग कोरड्या फडक्याने, मग ओल्या फडक्याने, आणि शेवटी स्प्रेच्या बाटलीने चार फवारे. बासुंदी आटवायची नाही. तळाला लागलेलं पातेलं म्हणजे चार लिटर गेले. नवऱ्याच्या वाढदिवसाला बासुंदी विकत आणली आणि डबा दुकानदाराला परत दिला.

आत आलेलं पाणी कुठेतरी बाहेरही जायला हवं, हे मला साठ वर्षांत कधी सुचलं नव्हतं. मोरीत ओतलं की ते जातं. कुठे, ते महापालिका बघते. आता ते गाडीच्या पोटाखाली ८० लिटरच्या टाकीत जातं आणि मे महिन्यात दोन दिवसांत असा वास मारतं की शेजारी उभा राहिलेला ट्रकवाला गाडी पुढे नेतो. ओढ्यात सोडायचं नाही, असं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. मग ओळखीच्या शेतात विचारून झाडाच्या आळ्यात घालतो. त्यासाठी साबण बदलला, रिठे आणले, तेलकट पाणी वेगळं काढू लागलो.

आणि संडास. त्याचा डबा २० लिटरचा, दर तीन दिवसांनी काढून सुलभमध्ये किंवा पंपावरच्या संडासात रिकामा करायचा. हे नवऱ्याचं काम होतं. मग त्याच्या कमरेत उसण भरली आणि माझ्याकडे आलं. कसब्यातल्या आमच्या वाड्यात लहानपणी टोपलीचा संडास होता. मागच्या बोळातून ती टोपली न्यायला एक बाई यायच्या. आम्हा मुलांना तेव्हा त्या बोळात जायला बंदी असायची, त्यामुळे त्यांचा चेहरा मला माहीतच नाही. फलटणजवळच्या एका पंपावर तो डबा पहिल्यांदा दोन्ही हातांनी उचलला तेव्हा त्या आठवल्या. वजन माझ्या अंदाजापेक्षा फार जास्त होतं.

त्याच फेरीतली गोष्ट. एप्रिल. फलटणहून दहिवडीमार्गे म्हसवडला निघालो होतो. पंपाचा एक जॉइंट सैल झाला होता आणि रात्रभरात टाकी जवळजवळ रिकामी झाली. सहा लिटर उरलं. दहिवडीच्या पुढे रस्त्याला लागून एक घर दिसलं, अंगणात निळा ड्रम. मी पाइप घेऊनच उतरले. आजी दाराशी शेंगा निवडत होत्या.

"आजी, जरा पाणी मिळेल का?"

"मिळंल की. किती पायजे?"

"शंभर लिटर."

आजींनी शेंगा खाली ठेवल्या. माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. "शंभर लिटर? अगं बाई, लगीन हाय का काय?"

मला बोलता येईना. हा माणदेश आमच्या शाळेच्या भूगोलात होता, पर्जन्यछायेचा प्रदेश, एका मार्काचा प्रश्न. तिथे मी पाइप हातात घेऊन उभी. घाईघाईने म्हटलं, "नाही, नाही, एक कळशी पुरे." त्यांनी दोन दिल्या, फडक्यातून गाळून. मी पैसे काढले तर म्हणाल्या, "पानी इकत्यात व्हय? ठेव ते." मग बसा म्हणाल्या, चहा झाला. बोलता बोलता कळलं की टँकर गुरुवारी येतो. तो मंगळवार होता.

वहीत त्या दिवशी "जमा २४ लिटर" असं लिहिलंय. पाइप तेव्हापासून पलंगाखाली आहे. आधी माणसाला भेटायचं, गप्पा मारायच्या, मग कळशी. आणि शंभर लिटर मागायचं ते फक्त पेट्रोल पंपावर, डिझेल भरून झाल्यावर. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यात गाड्यांसाठी जागा वगैरे सगळं आहे. आमचे मुक्काम मात्र पंपावर, देवळाच्या पटांगणात नाहीतर कुणाच्या तरी मेव्हण्याच्या शेतात. देवळं सगळ्यात चांगली, नळ असतो. फक्त पहाटे काकड्याला लाऊडस्पीकर.

पुण्यात आलो की भूगावला नणंदेच्या अंगणात गाडी लावतो. आधार कार्डावर अजून जुना फ्लॅट आहे, दुसरा मजला, जिथे सध्या हवा आहे. कुरिअरवाला फोन करून विचारतो, "मॅडम, बिल्डिंग कुठाय?" मी म्हणते, मलाही बघायचीच आहे.

गेल्या आठवड्यात बघायला गेलो. पाच स्लॅब घालून झालेत. साइट ऑफिसातल्या मुलाने नकाशावर आमचं पार्किंग दाखवलं, पझल पार्किंग, म्हणजे यंत्राने गाड्या वर-खाली सरकवायचे कप्पे; आमचा वरचा. नवऱ्याने खिशातून टेप काढला. त्याच्या खिशात तो असतोच. आमची गाडी पॅनेलं धरून पावणेतीन मीटर. बेसमेंटच्या उताराशी मोकळी उंची दोन मीटर चाळीस. त्याने दोनदा मोजलं, मग एकदा तिरकं मोजलं, जणू तिरकं मोजून काही फरक पडणार होता.

"मग गाडी विकणार ना, काका?" मुलगा म्हणाला. चांगलाच होता बिचारा, पाणी आणून दिलं होतं.

नवरा टेप गुंडाळत राहिला. मी विचारलं, "गेटच्या बाहेर, भिंतीला, नळ देता येईल का एक?"

"बाहेर नळ? कशाला, मॅडम?"

"येणाऱ्या-जाणाऱ्याला," मी म्हटलं. त्याने ते लिहून घेतलं. पेन चालत नव्हतं, म्हणून माझी पेन्सिल दिली.