आहेरात न येणारं कापड

सोलापुरात कापडाला मोठा मान. पाहुणा निघाला की हातात चादर, लग्नकार्यात टॉवेल-टोपी, आणि पूर्व भागातल्या एखाद्या गल्लीत भरदुपारी गेलात तर अजूनही यंत्रमागाच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिलाच गाव पुढे जुनी गिरणी म्हणू लागलं. चादरीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं. पण एवढ्या मानपानात एका कापडाला कुणी हळदकुंकू लावलेलं मी पाहिलं नाही. कॅनव्हासचं कापड. ते आहेराच्या ताटात येत नाही. खांद्यावर टाकून आरशात कुणी बघत नाही. त्याच्यावर बसायचं, त्यात सामान कोंबायचं, ते बांबूवर ताणायचं. जन्म कापडाचा आणि नशिबात हमाली!

सासऱ्यांच्या आरामखुर्चीचं कापड बसण्याच्या जागी विरलं, म्हणून मी नव्या पेठेत गेले. दुकानदारानं रंग विचारला नाही, पन्हा विचारला नाही. पहिला प्रश्न: "पिशवीला की बसायला?" या कापडाची सगळी वर्गवारी या एका प्रश्नात येते. पिशवीला चौरस वाराला आठ-दहा औंस वजनाचं चालतं, माणसाचा भार पेलायचा तर त्याच्या वरचं. दहा औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ३४० ग्रॅम. आपल्या अंगावरचं सुती शर्टाचं कापड याच्या निम्मंही भरत नाही. ताका काउंटरवर टाकला तेव्हा असा धप्पकन आवाज झाला की शेजारी साडी बघणाऱ्या बाई दचकल्या.

घरी आणून कडेचा एक धागा ओढून पाहिला. विणकामाच्या गावात राहून एवढा चोंबडेपणा अंगात येतोच. ताण्यात, म्हणजे उभे, धागे जोडीनं चालले होते, बाण्यातला, म्हणजे आडवा, एकेकटा त्यांच्या वरखाली. विणकाम अगदी साधं. एक वर, एक खाली, ना नक्षी, ना बुट्टी. पण धागे इतके खेटून की सुईला वाट काढावी लागते. खळीमुळे नवं कापड मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखं ताठ उभं राहतं. एका धुण्यात ते वठणीवर येतं आणि थोडं आटतंही. म्हणून आधी भिजवायचं, वाळवायचं आणि मग कात्री लावायची. भार उभ्या धाग्यावर यावा अशा बेतानं खुर्चीचं कापड कापायचं, नाहीतर महिन्याभरात झोळी होते.

या कापडाची खरी करामत मात्र पाण्याशी आहे. एके काळी जीपच्या पुढे, ट्रकच्या आरशाला लटकलेली छागल आठवते? जाड कापडाची चपटी पिशवी, वर तोटी, तोटीला बूच. नव्या छागलीत पाणी भरलं की आधी ती सगळीकडून गळायची. घरातली मोठी माणसं म्हणायची, गळू दे, पिऊ दे तिला. सुती धागा पाणी पिऊन फुगतो आणि विणीतली भोकं बुजतात. मग गळणं थांबतं, पाझरणं राहतं. बाहेरून सतत ओलसर असणारं ते अंग वाऱ्यानं सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. यासाठी हवा मात्र आपली लागते, एप्रिल-मेची, चाळिशीपार गेलेली, ओठ फुटावेत इतकी कोरडी. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही. आपल्या उन्हाळ्याचं कौतुक करायला जी काही थोडी कारणं आहेत त्यातलं हे एक. पहिल्या दोन-चार भरण्यांना पाण्याला कापडाचा वास यायचा, तोही हळूहळू आवडू लागायचा. आता प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. त्यांतलं पाणी दुपारपर्यंत चहाला ठेवल्याइतकं तापतं आणि आपण ते निमूटपणे पितो.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतही आता होम मैदानावर पालांना बहुतेक प्लॅस्टिकची ताडपत्रीच दिसते. हलकी, स्वस्त, निळी. कॅनव्हासच्या पालाखाली उजेड पिवळसर, मऊ व्हायचा. या निळ्याखाली जिलेबीसुद्धा आजारी दिसते.

याच कापडाला चौकटीवर ताणून, पांढरा लेप देऊन चित्रकारापुढे उभं केलं की त्याचा भाव कुठल्या कुठे जातो. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात जन्मले. मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे त्यांची चित्रं कोटींत गेली. पण तिथेही लोक बघतात ते रंग. कापड बिचारं मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून उभं.

तर खुर्चीचं कापड घेऊन मी आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी ते दोन बोटांत धरून चोळलं. "एवढं जाड कशाला घेतलाव ओ ताई? सुई मोडतंय की!" मग कुरकुरत चौदा नंबरची सुई काढून अठराची लावली, टाका लांब केला आणि दोन्ही टोकांना दांडके घालायला रुंद नेफा धरला. त्यावर शिलाईच्या तीन ओळी. चार पदर एकत्र आले तिथे मशीन अडलं, तर पायडल सोडून हातानं चाक फिरवत एकेक टाका घातला. उरलेल्या तुकड्याची दळणाची पिशवीही शिवली.

शिलाई सांगितली ती ब्लाउजपेक्षा कमी. मला वाटलं, ऐकण्यात चुकलं. एवढी मेहनत, सुईसुद्धा बदलली!

"मग काय तर," काका म्हणाले, "अस्तर नाही, गळा नाही, फिटिंगची कटकट नाही. बसायचंय की नुसतं."